जंत, घर आणि घराणे

आजचा विषय चारचौघांत काढला तर लोक नाक मुरडतात. पण तो आहे मात्र आपल्या सर्वांच्या घरचा. विषय आहे जंतांचा. जंत कसे होतात, त्यांवर गोळी कोणती, हे आपण आशाताईंकडून आणि शाळेत गुरुजींकडून अनेकदा ऐकले असेल. आज त्याच्या पुढचा एक प्रश्न घेऊ. एकाच घरात वाढणाऱ्या, एकाच अंगणात खेळणाऱ्या दोन भावंडांपैकी एकाला वरचेवर जंत होतात आणि दुसऱ्याला फारसे होत नाहीत, असे का? आणि काही घरांत आजोबांपासून नातवापर्यंत साऱ्यांनाच त्रास, तर भिंतीला भिंत लागून असलेल्या शेजाऱ्याकडे त्या मानाने काहीच नाही, असे का?

गावात याची उत्तरे तयार असतात. एक उत्तर म्हणजे, "लेकरू गूळ फार खातंय, म्हणून जंत झाले." दुसरे उत्तर, "त्यांच्या घराण्यातच आहे ते." पहिले उत्तर साफ चुकीचे आहे. गुळातून, साखरेतून जंत होत नाहीत. दुसरे उत्तर मात्र अर्धे खरे आणि अर्धे खोटे आहे. त्यातल्या अर्ध्या खोट्यापायी माणसे औषध घ्यायचे टाळतात, लेकरांना बोल लावतात, आणि हत्तीपायासारख्या आजारात तर मुलींची लग्नेसुद्धा मोडतात. म्हणून यातले खरे किती आणि खोटे किती, हे नीट निवडून घेतले पाहिजे.

आधी जंतांचा एक स्वभाव लक्षात घेऊ. पटकी किंवा हिवताप यांचे जंतू शरीरात शिरले की तिथेच वाढत जातात. एकाचे दोन, दोनाचे चार होतात. आपल्याकडच्या नेहमीच्या जंतांचे तसे नाही. गोल जंताची मादी एक वीत, दीड वीत लांब होते आणि दिवसाला सुमारे दोन लाख अंडी घालते. पण ही अंडी पोटात फुटत नाहीत. ती शौचावाटे बाहेर पडतात, ओल्या मातीत दोन-तीन आठवडे पिकतात, आणि मग न धुतलेल्या हातावाटे, भाजीवाटे, मातीत पडलेल्या खाऊवाटे पुन्हा कुणाच्या तरी पोटात जातात. अंकुशकृमीची तऱ्हा आणखी वेगळी. त्याची अळी ओल्या जमिनीत तयार होते आणि अनवाणी पायाच्या कातडीतून आत शिरते. पुढे ती आतड्याला चिकटून बसते आणि रक्त पिते. एका अंकुशकृमीने काही बिघडत नाही; पण असे शे-दीडशे जमले, की बाईच्या किंवा वाढत्या मुलाच्या अंगात रक्त राहत नाही. दम लागतो, डोळ्यांपुढे अंधारी येते, वर्गात लक्ष लागत नाही.

म्हणजे हिशेब सरळ आहे. पोटात किती जंत आहेत, हे दोन गोष्टींवर ठरते. बाहेरून किती आत शिरले, ही एक. आणि शिरलेल्यांपैकी किती शरीराने जगू दिले, ही दुसरी. पहिली गोष्ट घराची, अंगणाची, सवयींची. दुसरी गोष्ट शरीराच्या प्रतिकारशक्तीची. आता हे दोन वाटे वेगळे कसे ओळखायचे?

पहिला धागा आपल्याच देशात सापडला. तामिळनाडू आणि आंध्र यांच्या सीमेवर पुलिकत नावाचे मोठे खारे सरोवर आहे. त्या भागातल्या कोळ्यांच्या वस्तीत १९८० नंतरच्या काही वर्षांत संशोधकांनी लोकांना जंतांचे औषध दिले आणि प्रत्येकाच्या पोटातून किती जंत पडले, ते चक्क मोजले. काम किळसवाणे, पण त्यातून निघाले ते मोलाचे. गावातले जंत सर्वांत सारखे वाटलेले नव्हते. बहुतेकांत थोडे आणि थोड्यांत पुष्कळ, असा प्रकार होता. असेच चित्र जगात अनेक ठिकाणी दिसले आहे. साधारणपणे गावातल्या वीस टक्के माणसांच्या पोटात त्या गावचे सुमारे ऐंशी टक्के जंत असतात. पुलिकतचे संशोधक सुमारे वर्षभर थांबले आणि त्यांनी पुन्हा औषध देऊन मोजणी केली. तेव्हा असे दिसले की, ज्यांच्या पोटात पहिल्यांदा जास्त जंत होते, त्यांच्यातच बहुधा पुन्हा जास्त भरले होते. हा नुसता योग असता, तर दुसऱ्या खेपेला दुसरी माणसे पुढे आली असती. त्याच त्या माणसांत जंत पुन्हा पुन्हा भरतात, याला काही कारण असलेच पाहिजे.

ते कारण समजण्यासाठी शरीर जंताशी कसे झगडते, ते थोडक्यात पाहू. लहान जंतूला आपल्या रक्तातली पांढरी पेशी गिळून टाकते. पण वीतभर जंताला ती काय गिळणार! म्हणून शरीराने त्याच्यासाठी वेगळी युक्ती ठेवली आहे. जंत आत आल्याची वर्दी मिळाली, की काही पेशी निरोप धाडणारे रासायनिक पदार्थ सोडतात. त्या निरोपावरून रक्तात इओसिनोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी वाढतात. त्या जंताच्या अळीला घेरून तिच्यावर दाहक द्रव्ये टाकतात. त्याच वेळी आयजीई नावाचे प्रतिपिंड तयार होते. जपानी संशोधक दांपत्य इशिझाका यांनी अमेरिकेत काम करताना १९६६ साली ते ओळखले. याच निरोपाने आतड्यात बुळबुळीत चिकटा वाढतो, आतड्याची हालचाल वाढते आणि जंताला धरून बसणे अवघड होते. थोडक्यात, एकटा शिपाई चोराला धरू शकत नाही, तेव्हा दवंडी पिटून सारे गाव गोळा करावे, तसा हा प्रकार आहे.

ही दवंडी प्रत्येकाच्या शरीरात सारख्याच जोराने वाजत नाही. कुणाची लगेच वाजते, कुणाची उशिरा, तर कुणाची अगदी हळू. आणि हा गुण काही अंशी आईबापांकडून लेकरांत उतरतो. रंग उतरतो, उंची उतरते, तसाच.

पण हे सिद्ध कसे करायचे? एका घरातली माणसे रक्ताने जवळची असतात आणि एकाच अंगणात वावरतातही. मग साम्य रक्तामुळे की अंगणामुळे? यावर संशोधकांची युक्ती आपल्या बायाबापड्यांना चटकन समजेल. नवरा-बायको एका घरात राहतात, पण त्यांचे रक्त वेगळे. सासरी गेलेली लेक आणि माहेरी राहिलेला तिचा भाऊ यांचे रक्त एक, पण घरे वेगळी. नवरा-बायकोच जर एकमेकांसारखे निघाले, तर घराचा वाटा मोठा. बहीण-भाऊ वेगळ्या घरांत राहूनही सारखे निघाले, तर रक्ताचा वाटा मोठा. अशी शेकडो नाती जोडून पाहिली, की गणिताने दोन्ही वाटे वेगळे काढता येतात.

नेपाळात काठमांडूच्या पूर्वेला जिरी म्हणून डोंगराळ भाग आहे. तिथे जिरेल नावाचा समाज राहतो. त्यांच्या सोयरिकी पिढ्यान्‌पिढ्या आपसातच झाल्यामुळे बाराशेहून अधिक माणसे एकाच मोठ्या वंशवेलीत बसवता आली. त्यांच्यातील गोल जंतांचा अभ्यास १९९९ साली प्रसिद्ध झाला. माणसामाणसांत जंतांच्या संख्येचा जो फरक होता, त्यातला तीस ते पन्नास टक्के फरक आनुवंशिक गुणांमुळे होता. एका छपराखाली राहण्याचा वाटा त्याहून पुष्कळ कमी निघाला. त्याआधी १९९६ साली ब्राझीलमधल्या कुटुंबांत, पाण्यातल्या गोगलगायींवाटे पसरणाऱ्या एका रक्तकृमीचा असाच अभ्यास झाला होता. त्या कृमीचा एक भाऊबंद आपल्या रत्नागिरी जिल्ह्यातील गिमवी गावात सापडल्याचे १९५२ साली डॉ. गाडगीळ आणि डॉ. शहा यांनी कळवले होते. ब्राझीलमध्ये कमी-अधिक लागण ठरवणारा आनुवंशिक गुण पाचव्या गुणसूत्राच्या एका भागात असल्याचे दिसले. त्याच भागात मघाशी सांगितलेल्या निरोप्या पदार्थांचे काही गुणधारक तुकडे आहेत. म्हणजे दवंडीचा डफ कुठे टांगला आहे, तेच सापडले म्हणा ना!

आता इथे एक सावधगिरी. "निम्मे जंत नशिबातच, मग पायात चप्पल कशाला?" असे कुणी म्हणेल. तसे नाही. हे समजायला वसमतच्या हळदीचे उदाहरण घेऊ. एका वावरात दोन जातींचे बेणे लावले आणि पाणी तुंबले, तर एका बेण्याला कंदकूज लवकर लागते आणि दुसरे जरा तग धरते. त्या वावरात उभे राहून पाहिले, तर सारा फरक बेण्याचाच वाटेल. पण पाण्याचा निचरा चांगला केलात, गादीवाफ्यावर लावण केलीत, तर दोन्ही बेणी चांगली येतात. बेण्यातला फरक गेला नाही. पण तो दिसण्याचे कारणच उरले नाही. जिरीसारख्या ठिकाणी जवळजवळ सर्वांच्याच अंगणात जंतांची अंडी होती, म्हणून तिथे रक्ताचा फरक उठून दिसला. ज्या गावात प्रत्येक घरचा संडास खरोखर वापरात आहे, तिथे कमकुवत प्रतिकाराच्या लेकरालाही जंत कुठून होणार? अंडेच पोटात गेले नाही, तर घराण्याचा प्रश्नच येत नाही.

दुसरीही एक गोष्ट सांगितली पाहिजे. जोराने दवंडी पिटणारे शरीर ते चांगले आणि दुसरे वाईट, असेही नाही. ज्या आनुवंशिक गुणांमुळे जंतांशी झगडा जोरात होतो, त्यांतल्या काहींचा संबंध दमा आणि ॲलर्जी यांच्याशी असल्याचे दिसून आले आहे. एका बाजूने मिळते, दुसऱ्या बाजूने जाते. म्हणून कोणतेही घराणे उच्च नाही, कोणतेही नीच नाही.

घर आणि रक्त यांच्याखेरीज साम्याची आणखी एक वाट आहे. ती म्हणजे आईचे पोट. ही वाट हत्तीरोगात स्पष्ट दिसली. हत्तीरोगही कृमींचाच आजार आहे, पण तो डासांवाटे येतो. मोठे कृमी रसवाहिन्यांत राहतात आणि त्यांची बारीक पिल्ले रात्री रक्तात फिरतात; म्हणूनच तपासणीसाठी आपले रक्त रात्री घेतात. प्रशांत महासागरात कूक बेटांपैकी मौके नावाचे एक लहान बेट आहे. तिथे ज्या बायांच्या रक्तात गरोदरपणी अशी पिल्ले होती, त्यांची मुले तरुण झाल्यावर तपासली गेली. त्यांच्या पेशी त्या पिल्लांच्या बाबतीत थंड राहिल्या. दवंडी हळूच वाजली. हा अभ्यास १९९४ साली प्रसिद्ध झाला. गर्भातच कृमीच्या अंशाची ओळख झाली, म्हणून शरीराने त्याला परका मानायचे जणू सोडून दिले. हा दोष रक्ताचा नव्हे, आईचा तर मुळीच नव्हे. मात्र त्यातून एक शहाणपण निघते. बाईला मूल होण्याआधीच तिच्या शरीरातले कृमी गेलेले असतील, तर त्याचा लाभ पुढच्या पिढीलाही होण्याचा संभव आहे. त्याच बेटावरील घराण्यांचा अभ्यास २००९ साली प्रसिद्ध झाला. रक्तातल्या इओसिनोफिलांची संख्या आणि कृमीविरुद्धच्या प्रतिपिंडांचे प्रमाण यांतही घराण्याघराण्यांत साम्य असते, हे त्यात दिसले.

आता आपल्या दाराशी या. शेजारचा नांदेड जिल्हा हत्तीरोगाच्या जिल्ह्यांपैकी एक. आपल्या कळमनुरी-वसमतच्या पुष्कळ सोयरिकी तिकडच्या. पाहुणे मुलगी बघायला आले आणि मुलीच्या आजीचा पाय सुजलेला दिसला, की कुजबुज सुरू होते, "घराण्यात आहे." इथे ठामपणे सांगितले पाहिजे, की हत्तीपाय हा आजार आईबापांकडून लेकरांत उतरत नाही. कृमी असलेला डास चावल्याशिवाय तो होत नाही, आणि एकदोन डास चावूनही सहसा होत नाही. महिनोन्‌महिने अनेकदा चावावे लागतात. घराण्यातून काय येत असेल, तर कृमी आल्यावर शरीर कसे वागेल त्याचा कल. एकाच गावात, एकाच डासांच्या टोळीखाली राहणाऱ्या लोकांत तीन प्रकार आढळतात. कुणाच्या रक्तात पिल्ले, पण त्रास काहीच नाही. कुणाच्या रक्तात पिल्ले नाहीत, पण पाय सुजलेला. आणि कुणाला लागणही नाही नि सूजही नाही. वर्ध्याजवळ सेवाग्रामच्या महात्मा गांधी वैद्यकीय संस्थेत हत्तीरोग रक्तावरून कसा ओळखावा, यावर अनेक वर्षे काम झाले, ते याचसाठी. कारण नुसत्या डोळ्यांनी पाहून कोण लागण बाळगतो, ते कळत नाही. सुजल्या पायाच्या आजीपेक्षा धडधाकट दिसणाऱ्या तरुणाच्या रक्तातून डास अधिक कृमी नेत असेल. म्हणून २००४ पासून देशातील हत्तीरोगाच्या जिल्ह्यांत वर्षातून एकदा सर्वांनाच गोळ्या देण्याची मोहीम सुरू झाली. दोन वर्षांखालची मुले, गरोदर स्त्रिया आणि फार आजारी माणसे तेवढी वगळतात. "मला काही होत नाही, मी कशाला खाऊ?" असे म्हणणाऱ्यानेच ती आधी खावी.

घराण्यापेक्षा घर मोठे, याचा सर्वांत मोठा पुरावा नारूने दिला आहे. जुन्या माणसांना नारू आठवत असेल. पायातून हात-दीड हात लांब पांढरा दोरा निघायचा. तो काडीवर गुंडाळत दिवसच्या दिवस काढावे लागत. नारूविरुद्ध शरीर काहीच शिकत नसे. यंदा झाला, की पुढच्या वर्षी पुन्हा व्हायचा. त्यावर लस नव्हती, खात्रीचे औषधही नव्हते. पायऱ्यांच्या विहिरीत उतरून लोक पाणी भरत, तेव्हा पायाच्या फोडातून नारूची पिल्ले पाण्यात जात, आणि तेच पाणी सारी आळी पीत असे. मग लोक म्हणत, या आळीलाच शाप आहे. सरकारने १९८३-८४ पासून देशभर मोहीम घेतली. पाणी फडक्यातून गाळायला शिकवले, पायऱ्यांच्या विहिरी बंदिस्त केल्या, हातपंप बसवले. देशातला शेवटचा रोगी जुलै १९९६ मध्ये राजस्थानात आढळला आणि फेब्रुवारी २००० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारत नारूमुक्त झाल्याचे मान्य केले. नारूने कुणाचे गोत्र विचारले नव्हते. आणि त्याला घालवतानाही कुणाचे गोत्र बदलावे लागले नाही. बदलले ते पाणी.

मग घराण्याचे हे ज्ञान आपल्याला कशाला उपयोगी? तीन गोष्टींना उपयोगी आहे.

पहिली गोष्ट घरधन्यासाठी. एका लेकराला जंत निघाले, तर नुसते त्याच्याकडे बोट दाखवून भागत नाही. त्याच्या भावंडांत तोच कल असण्याचा संभव आहे आणि अंगण तर सर्वांचे एकच आहे. म्हणून डॉक्टरांना विचारून साऱ्या घराने औषध घ्यावे. गरोदर स्त्रीने मात्र डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय गोळी घेऊ नये. जंताची गोळी आत असलेले जंत मारते. नवे येण्याचे थांबवत नाही. म्हणून "मागच्या वर्षी दिली होती की" हे कारण चालत नाही.

दुसरी गोष्ट गुरुजींसाठी आणि अंगणवाडीताईंसाठी. २०१५ पासून राष्ट्रीय जंतनाशक दिन पाळला जातो. एक ते एकोणीस वर्षांच्या मुलांना अल्बेंडाझोलची गोळी चावून खायला देतात. दोन वर्षांखालच्या बाळाला अर्धी. यात एक फट राहते. ऊसतोडीला जाणाऱ्या घरांतली लेकरे ऑगस्टमध्ये गावात असतात, पण फेब्रुवारीत ती आईबापांबरोबर फडावर, पालात असतात. तिथे संडास नाही, पायात काही नाही. म्हणजे ज्यांना गोळीची गरज सर्वांत जास्त, तीच नेमकी चुकतात. हजेरीपटावर अशा मुलांच्या नावांपुढे खूण करावी आणि ती परतली की आरोग्य उपकेंद्राला सांगून त्यांची गोळी द्यावी. जे मूल गोळी घेऊनही वरचेवर फिकट, थकलेले दिसते, त्याला आळशी म्हणू नये. त्याचे शरीर कदाचित दवंडी हळू पिटत असेल. त्याचे रक्त तपासायला सांगावे, लोहाच्या गोळ्या मिळतात का ते पाहावे.

तिसरी गोष्ट शेतात राबणाऱ्या बायांसाठी. उन्हाळ्यात भेगाळलेल्या काळ्या रानात अंकुशकृमीची अळी तग धरत नाही. ती वाळून मरते. पण ओलिताखालचे सावलीचे रान तिला सोयीचे असते. हळदीत निंदायला उतरताना, पहाटे बांधाकडे जाताना पायात चप्पल हवी. आखाड्यावर राहणाऱ्यांनी तिथेही शोषखड्ड्याचा साधा संडास करावा. नुसता गावातल्या घरी असून उपयोग नाही, कारण दिवस जातो आखाड्यावर. मुलांची नखे कापावीत, शौचानंतर आणि जेवणापूर्वी साबणाने हात धुवावेत, कांद्याची पात, मेथी, गाजर पाण्याने चांगले धुऊन घ्यावे. आणि ज्यांचा पाय सुजला आहे, त्यांनी तो रोज साबणाने धुऊन, बोटांच्या बेचक्यांसह कोरडा करावा. त्याने ताप येणे आणि सूज वाढणे पुष्कळ कमी होते.

श्रोतेहो, बेणे कोणते मिळावे, हे आपल्या हाती नसते. ते आजोबा-पणजोबांकडून आलेले असते. पण निचरा करणे आपल्या हाती आहे. पुढच्या वेळी कुणी "त्यांच्या घराण्यातच आहे" असे म्हणाले, तर त्याला एवढेच विचारा, की त्या घरी संडास वापरात आहे का, पोरांच्या पायात चप्पल आहे का, आणि यंदाची गोळी सर्वांनी घेतली का?